ओटीच्या गाठीखालचा डाग

कापसाच्या बाजारपेठेसाठी परभणी जिल्ह्यात ओळखल्या जाणाऱ्या मानवतच्या शिवारात वेचणी हे मुख्यतः बायकांचे काम राहिले असून, वेचलेला कापूस साठवण्याची कमरेची झोळी, म्हणजे ओटी, जसजशी भरते तसतशी तिची गाठ कातडीत रुतते आणि उकललेल्या बोंडाची वाळलेली टोके नखांभोवती ओरबाडतात. कोड होण्याची प्रवृत्ती ज्यांच्या अंगी असते त्यांना नेमक्या अशा घासलेल्या, खरचटलेल्या जागीच पांढरा डाग उठू शकतो.

या घटनेला कोबनरची प्रतिक्रिया म्हणतात. ब्रेस्लाऊचे त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिश कोबनर यांनी १८७२ साली सोरायसिसच्या, म्हणजे खवले धरणाऱ्या त्वचारोगाच्या, एका रुग्णाची हकिकत मांडली. त्याच्या अंगावर घोडा चावलेल्या जागी आणि गोंदणावर तेच चट्टे उठले होते. कोडातही हेच घडते. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्वचेला रंग देणाऱ्या स्वतःच्याच पेशींवर उलटते, म्हणून या रोगाला स्वप्रतिकारी म्हणतात. जखम तो रोग मुळात निर्माण करीत नाही, परंतु दुखावलेल्या रंगपेशींच्या इशाऱ्यांनी मारक पेशी तिथे ओढल्या जातात.

मराठी मुलखात मात्र डागाची जागा कोणी पाहिली नाही, डागाचे नावच पाहिले. चरकसंहितेत श्वित्राचा, म्हणजे कोडाचा, विचार कुष्ठाच्याच अध्यायात येतो. तिथे कुष्ठ हा अनेक त्वचाविकारांना व्यापणारा शब्द होता, पण पुढे तो महारोगापुरता आकसला आणि ‘श्वेतकुष्ठ’ या नावातून महारोगाची भीती निरुपद्रवी, मुळीच न लागणाऱ्या कोडाला चिकटली. लग्नाच्या बोलणीत तिची किंमत मुलींनी मोजली, आणि हा अन्याय केवळ एका शब्दाच्या घोळातून झाला हे अधिकच क्लेशकारक आहे.

वेषही बदलत गेला. परकराविना नेसल्या जाणाऱ्या नऊवारी लुगड्याच्या जागी पाचवारी आली, तिच्याबरोबर परकराची नाडी आली आणि रोज एकाच रेषेवर करकचून आवळली जाऊ लागली. कोड असलेल्या स्त्रीच्या कमरेवर त्या रेषेतच डाग उमटू शकतात. नावाला चिकटलेल्या भीतीच्या विरोधात पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी उभारलेल्या श्वेता असोसिएशनने कोड असलेल्यांना एकत्र आणले, तर २००६ च्या ‘नितळ’ या चित्रपटाने कोड असलेली डॉक्टर नायिका म्हणून पडद्यावर आणली. दवाखान्यातला सल्ला त्या मानाने साधा असतो: नाडी सैल बांधावी, तिच्याऐवजी रुंद, मऊ पट्टा वापरावा आणि गाठीची जागा रोज बदलावी.