१७८० सालचा थालर आणि मुंबईची टांकसाळ

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेले खोपोली हे मुंबईहून देशावर जाणाऱ्या वाटेवरचे गाव. १८५६ साली आगगाडी येथवर आली. या परिसरातील जुन्या घरांच्या पेट्यांतून राणीछाप रुपया आजही कधीमधी निघतो आणि नाणी जमविण्याचा छंद पुष्कळदा अशाच एखाद्या रुपयापासून जडतो. नाण्यावरचे साल वाचावे आणि ते खरे मानावे, ही आपली सर्वांची सवय. परंतु साल खरे नसताना नाणे मात्र खरे असू शकते काय? मुंबईच्याच टांकसाळीत घडलेल्या एका नाण्याच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार आम्हाला येथे करावयाचा आहे.

हे नाणे म्हणजे मारिया तेरेझाचा थालर. मारिया तेरेझा ही हंगेरी व बोहेमियाची कॅथलिक राणी आणि ऑस्ट्रियाची अधिपती. १७६५ साली पती निवर्तल्यानंतर तिने वैधव्याची वस्त्रे कधी उतरविली नाहीत. नाण्यावरही ती डोक्यावर ओढणी घेतलेलीच दिसते. भोवती लॅटिन अक्षरे आहेत. ‘देवाच्या कृपेने’ या अर्थाची दोन आद्याक्षरे त्यांत आहेत. मागील बाजूस दोन मस्तकांचा गरुड व १७८० हे साल, तर कडेवर ‘न्याय आणि दया’ अशा अर्थाचे तिचे ब्रीदवाक्य. वजन सुमारे २८ ग्रॅम. त्यात सहापैकी पाच भाग चांदी.

१७८० च्या नोव्हेंबरात राणीचे देहावसान झाले. पण तिचे नाणे थांबले नाही. येमेनच्या कॉफीच्या व्यापारात अरब व्यापाऱ्यांना आणि पुढे इथिओपियाच्या बाजारपेठांना तेच हवे होते. ओढणी, खांद्यावरच्या पदकाचे मोती, १७८० हे साल यांत काही उणे दिसले, तर घेणारा नाणे परत करी. म्हणून ऑस्ट्रियाने जुनेच साल कायम ठेवून नवी नाणी पाडली. १८५८ साली ते खुद्द ऑस्ट्रियात चलनातून गेले, तरी परदेशच्या व्यापारासाठी पाडले जातच राहिले.

या नाण्याशी मुंबईचा संबंध प्रथम युद्धातून आला. १८६७-६८ साली सर रॉबर्ट नेपियर यांची फौज मुंबईहून ॲबिसिनियावर गेली. तेथे रुपया चालेना. म्हणून व्हिएन्नाहून थालर मागवावे लागले. १९३५ साली मुसोलिनीने इथिओपियावर स्वारी केली, तेव्हा ऑस्ट्रियाकडून ठसे मिळवून रोममध्ये थालर पाडण्यास आरंभ केला. ते ब्रिटिश व्यापाऱ्यांना मिळेनासे होताच १९३६ पासून लंडननेही ते पाडले. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४०-४१ या काळात, मुंबईच्या टांकसाळीत सुमारे १ कोटी ८८ लाख थालर तयार झाले. त्याच सुमारास, १९४१ साली, मराठा पलटणी एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर रक्त सांडीत होत्या. मुंबईत पाडलेल्या त्या नाण्यावर मुंबईचे नाव नव्हते. होते ते मृत राणीचे मुख आणि १६० वर्षांपूर्वीचे साल.

येथूनच संग्राहकांचा वाद सुरू होतो. व्हिएन्ना, रोम, लंडन, मुंबई, पॅरिस, ब्रुसेल्स, बर्मिंगहॅम अशा अनेक ठिकाणी हे नाणे पडले. पण कोणत्याच ठिकाणाचे नाव त्यावर नाही. राणीच्या मुखाखालची ‘एस. एफ.’ ही अक्षरे गुन्झबुर्ग टांकसाळीच्या दोन जुन्या अधिकाऱ्यांची; ती टांकसाळ बंद पडल्यानंतरही ठशावर राहिली. तेव्हा अभ्यासक पदकातील मोती मोजतात, गरुडाच्या शेपटीची पिसे पाहतात, कडेची नक्षी ताडून पाहतात आणि त्यावरून जन्मस्थान ठरवितात. तरीही सर्वांचे एकमत होतेच असे नाही. मुंबई व कलकत्त्याच्या टांकसाळींनी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी ब्रिटिश अमदानीची नाणी पुन्हा पाडून दिली, त्यांच्याबाबतही मूळ कोणते आणि मागाहूनचे कोणते हा वाद आहेच. तेथे प्रश्न पैशाचाही असतो, कारण मूळ नाण्याचे मोल फार मोठे.

मग अशा नाण्याला खोटे म्हणावे काय? चांदी पुरेपूर, वजन बरोबर. घेणाऱ्याची फसवणूक नाही. लंडनचा युक्तिवादही हाच होता की, जे नाणे मायदेशी चलनातच नाही, ते पाडणे ही बनवेगिरी नव्हे. आम्हालाही त्यास खोटे म्हणवत नाही. खोटेपणा शिरतो तो मागाहून पाडलेले नाणे मूळचे म्हणून विकणाऱ्याच्या जिभेत. मात्र एक गोष्ट मनास बोचते. ज्या कडेवर न्याय आणि दया कोरलेली, त्याच नाण्याने गुलामांचे सौदे झाले आणि स्वाऱ्यांचे खर्च भागले. कोणी, कोठे, कशासाठी पाडले याची खूण नसली, की जबाबदारीही कोणाची राहत नाही.

आपल्या धर्मग्रामात बाप्तिस्म्याची नोंदवही असते. तीवरून माणसाचे मूळ कळते. नाण्याला तशी वही नाही. ती त्याच्या धन्याने ठेवावयाची. घरात जुने नाणे निघाले, तर ते घासून चकचकीत करू नये, सोनाराकडे आटवू नये; ते कोणाकडून व केव्हा आले, हे वडीलधाऱ्यांस विचारून कागदावर लिहून ठेवावे. नाण्यावरचे साल फसवू शकते. घरच्यांनी प्रामाणिकपणे लिहिलेल्या चार ओळी पुढील पिढीच्या अधिक कामी येतील.