चिठ्ठीवरचे गाव : रानपिंगळ्याच्या शोधाचा इतिहास

दूरच्या अरण्यात वन्यजीव पाहायला निघणाऱ्याची तयारी दुर्बीण, बूट आणि वाहन यांच्या जुळवाजुळवीपासून सुरू होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती त्याच्या कितीतरी आधी, आणि बहुधा दुसऱ्याच कोणाच्या हातून, कागदावर सुरू झालेली असते. कोणता प्राणी कोणत्या रानात, वर्षाच्या कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी दिसतो, हे आधी जाऊन आलेल्यांनी नोंदवून ठेवलेले असते आणि नंतरचा प्रवासी त्या नोंदींच्या भरवशावर आपला मार्ग आखतो. या नोंदी खऱ्या असतील, तर शंभर वर्षांनंतरही वाट सापडते. त्यांतली एखादी खोटी निघाली, तर जाणकारसुद्धा भलत्याच रानात भटकत राहतात. सातपुड्यातील रानपिंगळा या लहानशा घुबडाच्या शोधाचा इतिहास या दोन्ही गोष्टींची साक्ष देतो.

पिंगळा महाराष्ट्राला नवा नाही. गावाबाहेरच्या वडा-आंब्याच्या ढोलीत राहणारा आणि तिन्हीसांजेला कर्कश कलकलाट करणारा ठिपकेदार पिंगळा बहुतेकांनी पाहिलेला असतो, आणि पहाटेच्या अंधारात दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळा जोशाने तर या पक्ष्याचे नावच धारण केले आहे. रानपिंगळा मात्र वेगळा पक्षी आहे. त्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात. डोके मोठे, चोच दणकट, छातीवर गडद तपकिरी पट्टा आणि पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा असतो. पाय बोटांपर्यंत दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात आणि नख्या अंगाच्या मानाने मोठ्या असतात. तो दिवसा वावरतो, उंच झाडाच्या निष्पर्ण फांदीवर उघड्यावर बसतो आणि अस्वस्थ झाला की शेपटी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झटकतो. इतक्या ठळक खुणा असलेला पक्षी शंभरहून अधिक वर्षे कोणाला सापडू नये, याचे कारण शोधायचे तर संग्रहालयातल्या कपाटांपर्यंत जावे लागते.

पक्षिशास्त्राची एकोणिसाव्या शतकातील पद्धत बंदुकीवर उभी होती. पक्षी मारून त्याचे कातडे सोलायचे, आत कापूस भरून ते वाळवायचे आणि पायाला एक चिठ्ठी बांधायची, अशा रीतीने तयार झालेल्या वस्तूला नमुना म्हणत. कातड्यावरून पक्ष्याची जात ओळखता येते, पण तो कोठे आणि केव्हा राहत होता हे केवळ चिठ्ठीवरूनच कळते. म्हणून तारीख, गाव आणि संग्राहकाचे नाव या तीन गोष्टी नसलेल्या नमुन्याचे शास्त्रीय मोल फार उतरते. डिसेंबर 1872 मध्ये संग्राहक ब्ल्युइट यांनी आजच्या छत्तीसगडमधील बसना या गावाजवळ एक अनोळखी पिंगळा मिळवला आणि तो अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पाठवला. पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम हे त्या काळी भारतातील पक्षिअभ्यासाचे केंद्रस्थान होते. 1873 मध्ये त्यांनी या पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि संग्राहकाच्या सन्मानार्थ त्याला हेटेरोग्लॉक्स ब्ल्युइटी असे नाव दिले. काही वर्षांनी, 1877 मध्ये, भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना पूर्वेकडील त्याच पट्ट्यात दुसरा पक्षी मिळाला.

यानंतर कथा पश्चिमेकडे, खानदेशात येते. मुलकी सेवेतील अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी 1880 ते 1884 या काळात शहादा आणि तळोदा परिसरातील दाट रानांतून या पक्ष्याचे आणखी नमुने जमवले. तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी असलेला हा मुलूख त्या वेळी अखंड खानदेश जिल्ह्याचा भाग होता. सपाटीवरसुद्धा साग, धावडा, सालई यांचे शुष्क पानझडी रान पसरलेले होते. ज्या उष्णकटिबंधीय अरण्यातील बहुतेक झाडे उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने टाकून उघडी होतात, त्याला शुष्क पानझडी वन म्हणतात, आणि रानपिंगळा हा अशाच वनाचा रहिवासी आहे. डेव्हिडसन यांचे नमुने इंग्लंडला गेले आणि 1884 नंतर या पक्ष्याची विश्वासार्ह अशी एकही नोंद झाली नाही. जगातील सर्व संग्रहालये धुंडाळली तरी या जातीचे अवघे सात नमुने मोजता येत होते.

त्या सातांपैकी एकाच्या चिठ्ठीने पुढील शोधाला चुकीचे वळण लावले. ब्रिटिश सैन्यातील अधिकारी आणि नामांकित पक्षिसंग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्टझॅगन यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि चिठ्ठीनुसार तो ऑक्टोबर 1914 मध्ये गुजरातमधील तापीकाठच्या मांडवी येथे मिळाला होता. ही नोंद खरी मानल्यास पक्ष्याचे शेवटचे दर्शन तीस वर्षांनी अलीकडे येते आणि त्याचा प्रदेश पश्चिमेला गुजरातपर्यंत वाढतो. साहजिकच शोध घेणाऱ्यांना सर्वांत ताजा दुवा तोच वाटला. सालिम अली आणि अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासारख्या भारतीय उपखंडातील पक्ष्यांच्या सर्वांत मोठ्या जाणकारांनीही या पक्ष्याचा शोध घेतला, पण त्यांना यश आले नाही. मधूनमधून रानपिंगळा दिसल्याचे दावे होत, छायाचित्रेही पुढे येत, परंतु बारकाईने पाहता ती ठिपकेदार पिंगळ्याची निघत. हळूहळू हा पक्षी नामशेष झाला असावा, अशी समजूत रूढ झाली.

या कोड्याची उकल रानात होण्यापूर्वी संग्रहालयात झाली. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेत रिप्ली यांच्या सहकारी म्हणून दक्षिण आशियातील पक्ष्यांच्या मार्गदर्शक ग्रंथावर काम करणाऱ्या पॅमेला रासमुसेन प्रत्येक जातीचे मूळ नमुने तपासत होत्या. ते करताना माइनर्टझॅगन यांच्या संग्रहातील अनेक नोंदी संशयास्पद असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. कातडे भरण्याची आणि शिवण्याची प्रत्येक संग्राहकाची स्वतंत्र ढब असते. शिंप्याचे टाके पाहून जाणकार जसा कारागीर ओळखतो, तसे टाक्यांवरून आणि भराईवरून नमुना कोणाच्या हातचा हे ओळखता येते. मांडवीचा म्हणून मिरवणाऱ्या त्या पिंगळ्यावर माइनर्टझॅगन यांनी पुन्हा हात फिरवला होता, तरी त्याच्यातील जुन्या कामाच्या खुणा उरल्या होत्या आणि त्या डेव्हिडसन यांच्या पद्धतीशी जुळत होत्या. माइनर्टझॅगन यांनी डेव्हिडसन यांचा खानदेशातील नमुना ब्रिटिश म्युझियममधून चोरून, नव्याने भरून, त्याला बनावट चिठ्ठी बांधली होती, असा निष्कर्ष निघाला. पुढे 1999 मध्ये रासमुसेन आणि पक्षिशास्त्रज्ञ नायजेल कॉलर यांनी ‘आयबिस’ या पक्षिशास्त्रीय नियतकालिकात हे प्रकरण सविस्तर मांडले.

या निष्कर्षाचा व्यवहारातील अर्थ मोठा होता. मांडवीचे नाव नकाशावरून पुसले गेले आणि शोधमोहिमेच्या आखणीसाठी ब्ल्युइट, बॉल आणि डेव्हिडसन या तिघांच्या प्रामाणिक चिठ्ठ्या तेवढ्या उरल्या. जुन्या इंग्रजी वर्णलेखनातील गावांची नावे आजच्या नकाशावर शोधणे हे त्या आखणीतील पहिले काम होते, कारण मधल्या शतकात राज्ये बदलली, जिल्ह्यांची फाळणी झाली आणि गावांच्या नावांची रूपेही पालटली. नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन आणि त्यांचे सहशोधक बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे भारतात आले. आधी ते पूर्वेकडील जुन्या ठिकाणी गेले. तेथे हाती काही न लागल्याने त्यांनी शहादा गाठले, जे त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते, कारण नंदुरबार जिल्ह्याची निर्मिती 1 जुलै 1998 रोजी झाली. डेव्हिडसन यांच्या काळातील सपाटीवरचे रान शेतीखाली जाऊन नाहीसे झाले होते. म्हणून तिघांनी पायथ्याच्या टेकड्यांवर उरलेल्या रानाकडे मोर्चा वळवला. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी किंग यांना एका झाडावर उघड्यावर बसलेला पिंगळा दिसला. बिनठिपक्यांचा माथा, पांढरे पोट, पिसांनी भरलेले पांढरे पाय अशी एकेक खूण संग्रहालयातील कातड्याशी पडताळून पाहता आली आणि पक्षी जागचा हलण्याआधी त्याचे चित्रणही करता आले. 113 वर्षांनंतर रानपिंगळा पुन्हा सापडला, आणि तोही डेव्हिडसन यांच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या गावाच्या परिसरातच.

या शोधानंतर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने (स्थापना 1883) पद्धतशीर सर्वेक्षण हाती घेतले. त्या सर्वेक्षणात फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांना चार ठिकाणी मिळून 25 पक्षी आढळले. त्यांत तोरणमाळ आणि तळोद्याच्या जोडीला मध्य प्रदेशातील खकनार आणि अमरावती जिल्ह्यातील मेळघाट ही नावे आली. पुढे ठाणे-पालघर भागातील तानसा अभयारण्यातही 2014 मध्ये हा पक्षी नोंदला गेला, आणि मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाभोवतीचे रान त्याचे घर आहे हे प्रथमच उजेडात आले. अशा नव्या नोंदींमुळे 2018 मध्ये त्याची गणना ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून ‘संकटग्रस्त’ या वर्गात झाली. तरी रानाचा ऱ्हास, वणवे आणि घुबडांविषयीच्या अंधश्रद्धेतून होणारी हत्या हे धोके टळलेले नाहीत.

आज रानपिंगळा पाहण्याच्या इच्छेने निघणाऱ्या पक्षीनिरीक्षकाच्या यादीत मेळघाटाचे नाव अग्रभागी असते. गाविलगडच्या डोंगररांगांत पसरलेले आणि सिपना, खंडू, खापरा, गाडगा, डोलार या नद्यांनी कोरलेले हे रान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेल्यानंतर, राखीव झाले. राखीव वन म्हणजे ज्यातील लाकूड, चराई आणि वस्ती यांवर सरकारचे नियंत्रण असते असे वन. त्यामागचा मूळ हेतू सागवानाचा नियमित पुरवठा हा होता, वन्यजीवांचे रक्षण नव्हे. 1973 मध्ये व्याघ्रप्रकल्प ही योजना सुरू झाली तेव्हा देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटाचा समावेश झाला, आणि 1987 मध्ये त्याच्या गाभ्यातील गुगामल हे राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. वाघासाठी राखलेल्या या रानात एका विस्मृत पिंगळ्यालाही आसरा मिळाला. कारण त्याला लागणाऱ्या जुन्या झाडांच्या ढोल्या आणि पाली, उंदीर, नाकतोडे हे भक्ष्य अखंड रानातच टिकते.

मेळघाटाच्या सहलीची आखणी जुन्या नोंदींच्या आधारे कशी उलगडत जाते, हे पाहण्याजोगे आहे. पावसाळ्यात गाभा क्षेत्र, म्हणजे व्याघ्रप्रकल्पाचा सर्वाधिक संरक्षित अंतर्भाग, पर्यटकांसाठी बंद असतो, तेव्हा ते महिने आपोआप गळतात. पावसाळा सरल्यावर रानपिंगळ्याचा विणीचा हंगाम सुरू होतो आणि तो बोलका होतो. पुढे हिवाळा उतरू लागला की सागाची पाने गळून उंच फांद्या मोकळ्या होतात आणि त्यांवर बसलेला पक्षी नजरेत भरतो. तो दिवसा वावरणारा असल्यामुळे रात्री टॉर्च घेऊन फिरण्याची गरज पडत नाही. कोवळ्या उन्हाच्या वेळी रानाच्या कडेने हळूहळू चालणे अधिक फलदायी ठरते. बडनेरा किंवा अमरावतीहून परतवाडामार्गे चिखलदरा, सेमाडोह किंवा कोलकास येथे मुक्काम करता येतो, परंतु दोन दिवसांची घाईची फेरी या पक्ष्यासाठी अपुरीच पडते. शिवाय येथील कोरकू गावकरी, वनमजूर आणि वाटाडे ज्या झाडांची नावे, ढोल्या आणि पायवाटा पिढ्यान्‌पिढ्या जाणतात, त्यांची माहिती कोणत्याही छापील मार्गदर्शिकेत मिळत नाही. म्हणून स्थानिक वाटाड्याला सोबत घेणे हा ज्ञानाचा आदर आहे आणि सहलीची पहिली गरजही.

आखणीत संयमाचाही वाटा असतो. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावण्याची सवय पक्षीनिरीक्षकांत पसरली आहे. पण विणीच्या काळात प्रतिस्पर्धी आल्याचे समजून नर पक्षी पुनःपुन्हा धावून येतो, पिल्लांसाठी भक्ष्य आणण्याचा त्याचा वेळ वाया जातो आणि ढोली उघड्यावर पडते. तसेच घरट्याचे नेमके ठिकाण सर्वांसमोर मांडले, तर अंधश्रद्धेपोटी घुबडे पकडणाऱ्यांनाही तो पत्ता मिळतो. म्हणून नोंद पूर्ण करावी, तारीख, वेळ, झाड, उंची आणि वर्तन यांसह वनखात्याला किंवा अभ्यासकांना ती विश्वासाने सोपवावी, आणि चारचौघांत केवळ रानाचे नाव सांगावे, हा मार्ग अधिक जबाबदारीचा आहे. त्याचप्रमाणे पक्षी दिसला नाही तर तेही लिहावे आणि ओळख पटली नसेल तर शंका नोंदवावी, कारण ठिपकेदार पिंगळ्याला रानपिंगळा म्हणणारी घाई पुढच्या शोधकाचे दिवस वाया घालवते.

माइनर्टझॅगन यांच्या एका बनावट चिठ्ठीमुळे कित्येक दशके शोध भलत्या दिशेला वळला, आणि डेव्हिडसन यांनी खानदेशात लिहिलेल्या खऱ्या चिठ्ठ्यांनी शंभराहून अधिक वर्षांनी तिघा अनोळखी माणसांना थेट शहाद्याच्या टेकडीपर्यंत पोहोचवले. त्या अधिकाऱ्याने कातड्याच्या पायाला दोरा बांधताना गाव आणि तारीख लिहिली, तेव्हा तो उद्याच्या कोणाची वाट आखत आहे हे त्याला ठाऊक नव्हते. सेमाडोहच्या मुक्कामी संध्याकाळी वहीत दिवसभराची नोंद लिहिणारा पक्षीनिरीक्षकही तेच करत असतो. मेळघाटातील ते रान उद्या उरले किंवा न उरले, तरी तेथे कोण राहत होते हे सांगणारी चिठ्ठी त्याच्या हातून खरी उतरली पाहिजे.