गुरुजींच्या मनाचे माप

मंडळी, गावच्या शाळेत नवे गुरुजी किंवा नव्या बाई रुजू झाल्या की चावडीवर पहिला प्रश्न निघतो, "टिकतील का हो?" हा प्रश्न शास्त्राने कसा हाती घेतला, ते आज पाहू.

इंग्लंडात १८६२ सालच्या नियमाने शाळेचे अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि तपासनिसापुढे त्यांनी वाचन, लेखन, गणितात काय उजेड पाडला त्यावर ठरू लागले. शिक्षकाच्या मनात काय आहे, हे त्या हिशेबात नव्हतेच.

पुढे १९७६ साली अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या शाळांतील शिक्षकांपुढे दोन साधी विधाने ठेवण्यात आली. घरचेच वातावरण नसेल तर शिक्षकाच्या हाती फारसे काही नाही, हे एक. मी जिवापाड झटलो तर अवघडातल्या अवघड मुलापर्यंत पोचेन, हे दुसरे. पटते की नाही, एवढेच सांगायचे. अन् मौज पाहा, ज्यांचा स्वतःवर भरवसा होता त्यांच्या वर्गांत वाचन अधिक सुधारलेले आढळले. दोनच विधाने, बरं का!

ऑस्ट्रेलियात हेलन वॉट आणि पॉल रिचर्डसन यांनी होऊ घातलेल्या शिक्षकांना विचारले, या पेशात का आलात? आवड म्हणून, समाजासाठी, की दुसरे काही जमले नाही म्हणून? उत्तर १ ते ७ अंकांत द्यायचे. २००७ साली त्यांनी ही प्रश्नावली मांडली, तेव्हा 'दुसरे जमले नाही' याला सर्वांत कमी अंक पडलेले होते. आपल्याकडे सर्रास टोमणा मारतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. २००८ साली त्यांनी पुढच्या मनसुब्यांवरून तीन गट दाखविले: मन लावून टिकणारे, मन नसल्याने सोडू पाहणारे, आणि मन लावून शिकवणार पण पुढे दुसरी वाट धरणार असे. या तिसऱ्यांना कोणी कच्चे म्हणू नये.

तथापि भरवसा एकदाच मोजून भागत नाही. अमेरिकेत अनिता वुलफोक हॉय आणि रोंडा बर्क स्पेरो यांना २००५ सालच्या अभ्यासात दिसले की सरावपाठांच्या काळात तो चढला, नोकरीच्या पहिल्या वर्षी उतरला. आणि या चढउताराचा संबंध मिळालेल्या आधाराशी होता.

महाराष्ट्रात २०१७ साली भरतीसाठी २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आली. ती नोकरीच्या दाराबाहेरच होते. तेव्हा मुख्याध्यापकहो, दिवाळीच्या सुट्टीआधी नव्या बाईंना एवढे विचारा: जूनपासून तुमचा पाठ पाहायला, चार गोष्टी सुचवायला शेजारच्या वर्गातून कोणी आले का?