दहा बाय दहा : वाळूजच्या खोलीची कायदेशीर गोष्ट

आमच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत शंभर रुपयांचा बॉण्ड आहे. रांजणगाव शेणपुंजीच्या शिवारातल्या एका गटातला वीस बाय तीसचा प्लॉट वडिलांनी २००३ साली विकत घेतल्याचे त्यावर लिहिले आहे. चतुःसीमा आहेत, मूळ शेतकऱ्याची सही आहे, आणि साक्षीदार म्हणून वडिलांच्याच पाळीतले दोन कामगार आहेत. सोबत ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ आणि विजेची जुनी बिले. वडील गेल्यावर घर आईच्या नावावर करायला निघालो, तेव्हा वकिलांनी सगळे कागद शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "घर तुमचे आहे. पण जमीन तुमची आहे, असे यातला एकही कागद म्हणत नाही."

या वाक्याचा उगम शोधताना मी जुन्या कायद्यांपर्यंत पोहोचलो. लहान घर कायद्याला का खुपते, हा माझा प्रश्न होता. त्याची उत्तरे दोन निघाली, आणि दोन्हींचा जन्म वाळूजपासून फार दूर झाला होता.

पहिले उत्तर खोलीचे. वाळूजला औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडची माणसे येऊ लागली. बजाजनगरात आखलेले प्लॉट होते. पण नव्याने आलेल्याला ते परवडणारे नव्हते. मग रांजणगाव, जोगेश्वरी, कमळापूर, घाणेगाव या गावांतून शेतकऱ्यांनी ओळीने खोल्या काढल्या. वर पत्रे, समोर सामाईक नळ, कोपऱ्यात सामाईक संडास. माप एकच : दहा बाय दहा. माझे बालपण अशाच एका खोलीत गेले. वडिलांची रात्रपाळी असली की ते दिवसा झोपत आणि आम्ही भावंडे बाहेर ओट्यावर अभ्यास करत असू.

खोली किती लहान चालेल, हा प्रश्न आपल्याकडे कायद्याने गांभीर्याने घेतला तो साथीच्या भीतीने. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला. दाटीची, अंधारी घरे ही रोगाची जागा ठरली आणि १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याने वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले, काही चाळीही बांधल्या. पुढे १९२० च्या दशकात सरकारच्या विकास विभागाने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला २०७ चाळी उभारल्या. त्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे कामगाराचे घर म्हणजे एक खोली, हे गृहीतक खुद्द सरकारनेच काँक्रीटमध्ये ओतले.

आज राष्ट्रीय इमारत संहिता राहण्याच्या एकट्या खोलीला किमान साडेनऊ चौरस मीटर क्षेत्र आणि २.४ मीटर रुंदी मागते. फुटांत मांडले तर हे क्षेत्र सुमारे १०२ चौरस फूट होते. आमची खोली १०० चौरस फुटांची. वाळूज परिसरातल्या हजारो खोल्या नियमाला दोन-सव्वादोन चौरस फुटांनी कमी पडतात. पाण्याचा एक हंडा ठेवायला लागते, तेवढ्या जागेने.

मुंबईत झोपडीच्या बदल्यात मिळणाऱ्या घराचे माप पाहिले, तर ते काळानुसार वाढत गेलेले दिसते : १९९१ च्या योजनेत १८०, १९९५ मध्ये २२५, मग २६९ आणि पुढे ३०० चौरस फूट. माणसाचा देह तोच होता. बदलत गेले ते जमिनीचे भाव, बिल्डरला मिळणारे चटईक्षेत्र आणि मतांचे गणित. अमेरिकेत २०१८ च्या निवासी संहितेने ४०० चौरस फुटांपर्यंतच्या चिमुकल्या घरांसाठी वेगळे परिशिष्ट जोडले. तिथे अशी घरे अनेकजण हौसेने, आवडीने निवडतात. त्या मापात आमच्यासारख्या चार खोल्या बसल्या असत्या.

दुसरे उत्तर जमिनीचे, आणि माझ्या आईच्या वाटेत उभे आहे ते हेच.

१९१७ मध्ये डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाटण्या होत होत शेताचे किती बारीक तुकडे झाले आहेत, हे त्यांनी दाखवले. या चिंतेतून पुढे तुकडेबंदीचा विचार रुजला. १९४७ मध्ये मुंबई प्रांताने तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा केला. वाळूज ज्या हैदराबाद राज्यात होते, त्यानेही १९५६ मध्ये तसाच कायदा केला. 'प्रमाणभूत क्षेत्रा'हून लहान तुकडा शेजारच्या धारकाखेरीज कुणाला विकता येणार नाही, असा त्याचा गाभा. शेती जगावी, हा हेतू चांगलाच होता. पण हे माप पिकाचे होते. २०२३ मध्ये शासनाने ही मर्यादा शिथिल करून जिरायतीसाठी २० गुंठ्यांवर आणली. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. या हिशेबाने आमचा ६०० चौरस फुटांचा प्लॉट छत्तीस पटींहून मोठा असायला हवा होता. ज्याला ज्वारी पेरायचीच नाही, त्याच्या घराची लांबीरुंदी ज्वारीच्या हिशेबाने मोजली गेली.

या वादात एक आवाज वेगळा होता. १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे नुसत्या क्षेत्रफळावरून ठरत नाही, त्यावर भांडवल आणि साधने किती लागतात यावर ठरते, असे त्यांचे म्हणणे. शेतीवर पडलेला माणसांचा अतिरिक्त भार हे खरे दुखणे आणि औद्योगिकीकरण हा त्यावरचा उपाय. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात लहान धारणक्षेत्रांबाबतचे विधेयक आले, तेव्हाही त्यांनी विरोध केला.

बाबासाहेबांनी सांगितलेला उपाय वाळूजला आला. कोरडवाहू रानातली माणसे शेतीवरून उठून कारखान्यात गेली. माझे वडील त्यांतलेच. पण कारखान्यासाठी जमीन संपादित झाली, आखली गेली. कामगाराच्या घरासाठी तसे पुरेसे झाले नाही. त्याने मग शेतकऱ्याकडून अर्धा गुंठा घेतला. तो बेकायदा ठरला, तो वाचवायला निघालेल्या शेतीच्याच कायद्याने.

शासनाला हे दिसत नव्हते असे नाही. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला. त्याची मुदत १ जानेवारी २००१ पर्यंतच्या बांधकामांची. आमचा बॉण्ड दोन वर्षांनी उशिरा जन्मला. २०२१ च्या दुरुस्तीने ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. तुकडेबंदीच्या कायद्यातही २०१७ मध्ये वाट निघाली : १५ नोव्हेंबर १९६५ ते ७ सप्टेंबर २०१७ या काळातले व्यवहार बाजारमूल्याच्या कमाल २५ टक्के भरून नियमित करता येतील. कामगाराच्या विधवेला हा आकडा पेलणारा नव्हता. २०२४ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला. दरम्यान तुकड्यांच्या दस्तनोंदणीला चाप लावणारे १२ जुलै २०२१ चे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे २०२२ मध्ये रद्द केले.

या तारखा एका ओळीत मांडल्या की कायदा हळूहळू मवाळ होत गेल्यासारखा वाटतो. मला मात्र त्यात दुसरे काही दिसते. प्रत्येक वेळी झालेल्या गोष्टीला माफी मिळाली. उद्या येणाऱ्या कामगाराने अर्धा गुंठा कायदेशीरपणे कुठे घ्यावा, याचे उत्तर त्या माफीत नव्हते. खोलीसाठी किमान माप ठरले, शेतासाठी ठरले. या दोहोंच्या मध्ये गरिबाच्या घराला लागणारी जमीन राहिली, आणि तिचे माप त्याच्या पगारावरून कुणी काढलेच नाही.

मान यांचे पिंपळे सौदागर आज उंच इमारतींचे उपनगर आहे. तिथल्या तुकड्यांची आता कुणाला काळजी वाटत नाही, कारण त्यांवर मजले चढले.

आमच्या आईची फाईल तयार आहे. मोजणीच्या दिवशी तिने आधी अंगण सारवून घेतले. टेप धरणाऱ्या मुलाला पाणी दिले आणि विचारले, "बाळा, किती भरली रे?" तो म्हणाला, "मावशी, वीस बाय तीसच आहे." ती मला म्हणाली, "बघ, तुझ्या बापाला कुणी फसवले नव्हते." तिची शंका तेवढीच होती, ती त्या दिवशी फिटली. कायद्याची अजून फिटायची आहे.