ऐकणारा भेटला म्हणजे



इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. पस्तीस वर्षें शाळेंत मींही मुलांकडून तेंच पाठ करून घेतलें. परंतु ज्यांच्या माथ्यावरून हा इतिहास गेला, तीं साधीं माणसें कशाला हंसलीं आणि कशानें कळवळलीं, हें विचारण्याचें आम्हांस कधीं सुचलें नाहीं. हल्लीं पॉडकास्टवर पाहुण्यांशीं मनमोकळ्या गप्पा चालतात आणि त्यांतील एखादें वाक्य मनांत घर करून राहतें. अशा गप्पांना इतिहासाची योग्यता मिळवून देणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाविषयीं आज चार शब्द सांगणार आहें.

स्टड्स टर्केल १९१२ सालीं न्यूयॉर्क येथें जन्मले आणि शिकागोंत वाढले. त्यांच्या आईबापांचा खोल्या भाड्यानें देण्याचा व्यवसाय होता. तेथें उतरणाऱ्या कामकरी लोकांचे वादविवाद ऐकतच हा मुलगा मोठा झाला. त्यांनीं कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाहीं. १९५२ पासून १९९७ पर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षें, शिकागोच्या एका नभोवाणी केंद्रावरून ते माणसांना बोलतें करीत राहिले. आर्थिक मंदींत होरपळलेल्यांच्या आठवणी त्यांनीं १९७० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींवरील त्यांच्या ग्रंथास १९८५ मध्यें पुलित्झर पारितोषिक मिळालें.

एकदां ते गरिबांच्या वसाहतींत एका तरुण आईकडे गेले. बाई देखणी, परंतु दंतवैद्याला द्यावयास पैसे नसल्यामुळें दांत खराब झालेले. भोवतीं मुलें नाचत होतीं. आईचा आवाज ऐकवा, असा त्यांनीं हट्ट धरला. टर्केल यांनीं फीत पुन्हां लावली. स्वतःचेच शब्द ऐकतांना त्या माउलीचा हात तोंडाशीं गेला आणि ती उद्गारली, “अगबाई! मला असें वाटत होतें, हें मलाच ठाऊक नव्हतें!” तिला आजवर कोणीं विचारलेंच नव्हतें, मग कळणार कसें?

टर्केल विनोदीही तितकेच. अटलांटाच्या विमानतळावरील आगगाडींत एकदां दारें मिटतां मिटतां एक जोडपें घुसलें. ‘उशिरा आलेल्यांमुळें तीस सेकंद विलंब,’ असा यांत्रिक आवाज घुमला. सारे उतारू त्या जोडप्याकडे रागानें पाहूं लागले, पण तोंडांतून शब्द कोणी काढीना. तेव्हां टर्केल यांनीं आईच्या मांडीवरील एका तान्ह्या बाळास अदबीनें विचारलें, “मानवजातीबद्दल आपला विचारपूर्वक अभिप्राय काय?” बाळ खुदकन हंसलें. “देवाची कृपा! माणसाचा आवाज ऐकूं आला!” असें टर्केल म्हणाले.

२००३ मध्यें डेव्ह आयसे यांनीं न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकांत ‘स्टोरीकोर’ची एक लहानशी खोली उघडली. दोघां जिवलगांनीं तेथें बसून चाळीस मिनिटें एकमेकांशीं बोलावें, अशी योजना होती. उद्घाटनास टर्केलच होते, वय एक्याण्णव. त्या खोलींत पुढें डॅनी पेरासा नांवाचा ब्रुकलिनचा कारकून पत्नी ॲनी हिच्यासह आला. हा गृहस्थ पत्नीला रोज प्रेमपत्र लिही. तो तिला म्हणाला, “माझ्यासारख्या बेढब माणसाच्या तोंडून प्रेमाचा शब्द ऐकणें म्हणजे मोडक्या रेडिओवर सुरेल गाणें ऐकण्यासारखें आहे, आणि तो रेडिओ तूं घरांत राहूं दिलास, हा तुझा चांगुलपणा!” २००६ च्या फेब्रुवारींत डॅनी कर्करोगानें वारला. ॲनीला हजाराहून अधिक सांत्वनपत्रें आलीं. रोजच्या प्रेमपत्राच्या जागीं ती त्यांतील एकेक वाचूं लागली.

टर्केल २००८ मध्यें, शहाण्णवाव्या वर्षीं निवर्तले. त्यांच्याजवळ विशेष विद्या कोणती होती? माझ्या मतें एकच: प्रश्न विचारून गप्प बसण्याची. आम्ही शिक्षक प्रश्न विचारतों, परंतु उत्तर आम्हांस आधींच ठाऊक असतें.

माझी आई जाऊन वीस वर्षें झालीं. तिची तसबीर भिंतीवर आहे, पण आवाज कोठेंच नाहीं. “आज जेवायला काय?” यापलीकडे मी तिला फारसें कांहीं विचारलें नाहीं. आपल्या घरीं कोणी वडीलधारें माणूस असेल, तर माझें भाषण संपतांच रेडिओ बंद करा आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा.