धुपणीपासून पिशवीपर्यंत

अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावी दुपारच्या वेळी आजीच्या ओसरीवर बायका तूर निवडायला बसत. बोलता बोलता एखादी आवाज खाली आणून म्हणे, ‘धुपणी लागलीय बाई.’ लगेच आम्हा पोरींना पाणी आणायला पिटाळलं जाई. बांधावरची माती पावसात धुपते तसं बाईचं अंग धुपतं, एवढाच अर्थ तेव्हा मला लागला होता. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, कंबर धरणं हे बायकांनी बाईपणाचाच भाग म्हणून पदरात घेतलं होतं.

दुखणं नवं नव्हतं. चरक आणि सुश्रुत या दोघांनीही वीस योनिव्यापदं सांगितली आहेत. श्वेतप्रदर हा शब्द वैद्यांच्या ओळखीचा होता. पण त्यामागचे जंतू दिसायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. १८७९ मध्ये आल्बर्ट नायसर या जर्मन डॉक्टरनं परम्याचा जंतू शोधला. १८९२ मध्ये आल्बर्ट डोडरलाइन यांनी उलट गोष्ट दाखवली: निरोगी योनीमार्गातही जंतू राहतात आणि ते राखणदार असतात. हे जंतू लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्या आंबटपणात बाहेरच्या जंतूंना सहसा थारा मिळत नाही.

हा आंबटपणा घटला की इतर जंतू माजतात, स्राव वाढतो, वास येतो. परमा किंवा क्लॅमिडियाचे जंतू शरीरसंबंधातून येतात, पुष्कळदा नवऱ्याकडूनच. अस्वच्छ बाळंतपण किंवा गर्भपात हीसुद्धा जंतूंची वाट असते. गर्भाशयाचं तोंड ओलांडून ते गर्भनलिकांपर्यंत चढले, की त्यांच्याशी लढायला शरीर पांढऱ्या पेशी धाडतं. सूज येते, पू होतो. लढाई संपते, पण जखमेचा वण राहतो आणि त्या वणानं सुतासारखी बारीक नलिका चिकटून बंद होऊ शकते. मग मूल राहत नाही, किंवा गर्भ नलिकेतच अडकून जिवावर बेततं. गावानं ‘वांझ’ म्हणून ओवाळणीच्या ताटापासून दूर ठेवलेल्या कितीतरी बायकांचा दोष एवढाच असेल, की वेळेवर न मिळालेली चार गोळ्यांची पुडी. आणि क्लॅमिडिया तर बहुतेक वेळा काही लक्षण न दाखवताच हे सारं करून जातो.

या मुक्या दुखण्याची मोजदाद राज्याच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीत झाली. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग होता. सरासरी काढली तर प्रत्येकीला ३.६. त्यातला निम्मा भार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा. आधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या फक्त ८ टक्के. आणि ४५ टक्के बायकांनी तर काही तक्रारच सांगितली नव्हती. कुटुंबनियोजनासाठी बाईच्या गर्भाशयाची इतकी वर्षं चौकशी करणाऱ्या व्यवस्थेला हे आकडे झोंबायला हवे होते.

आता बायका बोलू लागल्या आहेत. पण बोलल्यावर काय हाती येतं? लातूरला लागूनच असलेल्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासनाच्या समितीनं ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे साधारण सहांतली एक. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, एक खाडा पडला तरी पैसे कापले जाणार. कोपीत ना न्हाणी, ना पाणी. अशा बाईला ‘पिशवी काढून टाक, कटकट मिटेल’ हा सल्ला सोयीचा वाटला, तर दोष तिला कसा द्यायचा?

माझी मावशी कंधारकडची. तिनं ऊस कधी तोडला नाही. वीसेक वर्षांपूर्वी, पस्तिशीत, धुपणीची तक्रार घेऊन ती शहरातल्या एका खासगी दवाखान्यात गेली. पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल, असं सांगून आठवड्यात ऑपरेशन उरकलं. दीड एकर रान गहाण पडलं. मी विचारलं, ‘डॉक्टरांनी आतून तपासलं होतं का?’ ती म्हणाली, ‘न्हाई बाई. पोटावर मशीन फिरवली, झालं.’ वर्षाच्या आत तिचं अंगावरून जाणं पुन्हा सुरू झालं. होणारच, पिशवी गेली तरी योनीमार्ग तिथेच असतो आणि जंतूही.

सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकात या दुखण्यांसाठी रंगीत पाकिटं ठरलेली आहेत. अंगावरून जाण्यासाठी हिरवं, ओटीपोटाच्या सुजेसाठी पिवळं. पिवळ्यातली औषधं चौदा दिवसांची, आणि फुकट. शरीरसंबंधातून आलेला रोग असेल तर नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं; नाहीतर घरातूनच तो परत येतो. आमच्या मराठवाड्यात बायको एकटीच दवाखान्याच्या पायऱ्या चढते, नवरा बाहेर टपरीवर थांबतो.

प्रत्येक पांढरं जाणं म्हणजे रोग नव्हे, आणि प्रत्येक गर्भाशय-शस्त्रक्रिया चुकीचीही नव्हे. ते ठरवण्यासाठी आधी कुणीतरी बाईला नीट तपासावं लागतं. आजीच्या ओसरीवरची कुजबुज आणि मावशीच्या पोटावरचा टाका, यांच्यामध्ये राहून गेली ती एवढीच दहा मिनिटांची तपासणी.