चूल, धूर आणि धुराडे



इतिहास म्हटला की आपल्यापुढे पन्हाळा येतो, विशाळगड येतो, लढाया आणि तह येतात. परंतु गडावरच्या शिबंदीची भाकरी ज्या चुलीवर भाजली गेली, तिचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. आज त्या चुलीविषयी, आणि विशेषतः तिच्या धुराविषयी, थोडे बोलू.

सुरुवात आपल्या गुऱ्हाळापासून करू. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली. त्याच गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही लाभले. हंगामात गुऱ्हाळ दुरून कशावरून ओळखता? धुराड्यावरून, नाही का? चुलवणाच्या तोंडातून चिपाड घालायचे, जाळ काहिलीखालून खेळवायचा आणि धूर धुराड्यावाटे वर काढून द्यायचा. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या मागोमाग ताजी हवा आत ओढली जाते आणि जाळ धगधगतो. म्हणजे धुराडे नुसता धूर नेत नाही, जळणही नीट जाळते. शेवटी धूर म्हणजे काय? त्यातला बराचसा भाग म्हणजे अर्धवट जळलेले जळणच.

आता त्याच मळ्याच्या मालकाचे घर बघा. सैपाकघर मागच्या अंगाला, अंधारे. चूल आणि शेजारी वैल. जळणाला शेण्या, काटक्या, उसाचा पाला. धुराला वाट एकच, कौलांच्या फटी. पावसाळ्यात जळण ओले झाले की घरातली बाई फुंकणी घेऊन बसायची आणि भाकरी होईपर्यंत तिच्या डोळ्यांचे पाणी खळत नसे. तान्हे मूल बहुधा तिच्याच मांडीवर.

मळ्यातली विद्या घरात का आली नाही? जुनी माणसे कारणे सांगत. धुराने वाशांना कीड लागत नाही. चुलीवर टांगलेली बियाण्याची कणसे टिकतात. गवती छपरातून धुराडे काढले तर ठिणगीचे भय. ही कारणे खोटी नव्हती. परंतु मला यामागे आणखी एक कारण दिसते. काहिलीतला गूळ बाजारात जाई. तिथे वाचलेल्या जळणाचा हिशेब लागे. चुलीवरच्या भाकरीचा भाव कोणी काढला नाही, आणि घर बांधताना चुलीपुढे बसणारीला कोणी विचारले नाही. ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण तर आपल्याला सोसायलाच शिकवते.

या सोसण्याची किंमत लहान नाही. धुरातले सूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहूनही बारीक असतात. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. त्यातून मुलांना न्यूमोनिया होतो, मोठ्यांना जुनाट दमा-खोकला आणि हृदयविकार जडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांतली २ लाख ३७ हजारांहून अधिक पाच वर्षांखालची मुले होती.

उपाय शोधणारे आपल्याकडे झाले नाहीत असे नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या चळवळीतून धुराड्याची ‘मगन चूल’ निघाली. हैदराबादचे अभियंते डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीवर १९५३ साली पुस्तिकाच लिहिली. पुढे १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ पर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या. मग धूर का गेला नाही? धुराडी काजळीने तुंबली, चुलींना तडे गेले आणि दुरुस्तीला कोणी फिरकले नाही. बसवलेल्या चुली मोजल्या गेल्या. त्या पेटतात कशा, हे पाहायचे बरेचदा राहून गेले.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबांच्या घरी सिलिंडर पोचला. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतातल्या शंभरांपैकी सुमारे ४३ घरांतच स्वयंपाकाला स्वच्छ इंधन आढळले. सिलिंडर एकदा मिळणे वेगळे आणि तो दर वेळी भरून आणणे वेगळे. शिवाय चहा गॅसवर, पण आंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवर, अशी घरे आपल्याही भागात आहेत.

तेव्हा चूल असेल तर धुराडे कौलांच्या वर न्या आणि त्यातली काजळी वरचेवर काढा. पावसाळ्याआधी कोरडे जळण आडोशाला रचा. चूल पेटवायला प्लास्टिक मुळीच वापरू नका; त्याचा धूर विषारी असतो. गोठ्यात चार जनावरे असतील तर गोबर गॅसचा विचार करा. शेणाचा गॅस होतो आणि उरलेला काला खत म्हणून शेताला जातो.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक काम तुमच्यासाठी. मुलांना आपापल्या घरच्या चुलीचा इतिहास लिहून आणायला सांगा. आजीच्या वेळी जळण कोण आणी, धूर कुठून जाई, आज कुठून जातो, हे त्यांनी आजीलाच विचारावे. आजवर तिला हे कोणी विचारलेले नसेल. आणि ज्या घरातला धूर अजून कौलांतूनच जात असेल, तिथे धुराडे बसवण्याची गोष्ट त्या वहीतूनच निघेल.